खान्देशातून एका दिवसात सुरत आणि डुमसचा समुद्र, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

आपल्याकडे तापी आहे, गिरणा आहे, पांझरा आहे, समुद्र तेवढा नाही. त्यामुळे समुद्राचं नाव काढलं की लोकं लगेच गोवा नाहीतर गणपतीपुळे असा चार दिवसांचा मोठा प्लॅन काढतात आणि मग तो प्लॅन वर्षानुवर्षं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरच पडून राहतो. इकडे घरात आजी असते, आजोबा असतात, ज्यांनी अख्खं आयुष्य केळीच्या नाहीतर कपाशीच्या शेतात घालवलं आणि समुद्र फक्त टीव्हीवर पाहिला. मी हे मुख्य करून त्यांना घेऊन जाणाऱ्यांसाठी लिहितोय. भुसावळ, जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, यातल्या कुठूनही सुरतेला थेट गाडी आहे आणि सुरत स्टेशनपासून वीसेक किलोमीटरवर डुमसला समुद्र आहे. भुसावळला जी तापी आपण पुलावरून बघतो, प्रकाशा गावाला जिच्यात आंघोळ करतो, तीच मुलताईपासून ७२४ किलोमीटर वाहत जाऊन तिकडे डुमसजवळ समुद्राला मिळते. सकाळी शहर, संध्याकाळी समुद्र, रात्री परतीची गाडी, एवढाच प्रोग्रॅम ठेवायचा. याच्यात अजून चार ठिकाणं कोंबली की दिवस धावपळीत जातो, म्हणून पहिल्यांदा जाताना कमी बघा पण निवांत बघा.

पहिली पायरी: आधी भरती बघा, तिकीट नंतर

बहुतेक लोकं इथेच चुकतात. तिकीट काढतात, जातात, आणि समोर अर्धा किलोमीटर नुसता चिखल दिसतो, पाणी पार लांब गेलेलं असतं, मग म्हणतात डुमसला काही नाही. अरे बाबा, ओहोटी होती. खंबातचं आखात आत निमुळतं होत जातं, त्यामुळे तिथे भरती आणि ओहोटीच्या पाण्यात खूप फरक पडतो, देशात सगळ्यात जास्त फरक पडणाऱ्या किनाऱ्यांमध्ये तो भाग येतो आणि डुमस त्याच्या तोंडाशीच आहे. कोकणातला समुद्र ज्यांनी पाहिलाय त्यांनाही हा प्रकार नवीन वाटतो.

तर करायचं काय, मोबाईलवर हजिरा किंवा सुरतेचा भरती-ओहोटीचा तक्ता शोधा (फुकट मिळतो) आणि असा दिवस निवडा ज्या दिवशी संध्याकाळी पाच ते सातच्या मधे भरती येत असेल किंवा पूर्ण झालेली असेल. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे या शनिवारी संध्याकाळी ओहोटी दिसत असेल तर पुढच्या शनिवारी त्याच वेळेला जवळपास भरती असणार, आठवडाभर थांबायची तयारी ठेवा बस. अमावस्या-पौर्णिमेच्या आजूबाजूला उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि जोरात येतं, बरोबर लहान मुलं असतील तर ते दोन-तीन दिवस सोडून द्या.

वार म्हणाल तर शनिवार चांगला. रविवारी अर्धी सुरत डुमसला असते, गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि वर रिंग रोडची कापड मार्केटंही रविवारी बंद, म्हणजे ज्यांना साड्या बघायच्या त्यांची निराशा. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात आपल्यासारखं पंचेचाळीस तिकडे सहसा होत नाही हे खरं, पण दमट हवेने जीव नकोसा होतो, आपल्याला त्या घामाची सवय नाही. पावसाळ्यात तर जाऊच नका, समुद्र खवळलेला असतो आणि बऱ्याचदा पोलीस किनाऱ्यावर जाऊ देत नाहीत.

दुसरी पायरी: गाडी

जळगाव, भुसावळ, अमळनेरवाल्यांनी रात्रीची अशी गाडी बघायची जी पहाटे-सकाळी सुरतेला टेकते. जळगावहून अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. नंदुरबारवाल्यांना मात्र रात्रीच्या प्रवासाची गरज नाही, एकशे साठेक किलोमीटर, पहाटेच्या गाडीने निघालं तरी नाश्त्याच्या वेळेला पोचता. नवजीवन, ताप्ती गंगा, हावडा-अहमदाबाद अशा लांबच्या गाड्या याच लाइनवरून जातात आणि शिवाय भुसावळकडच्या पॅसेंजर, मेमू आहेत. वेळा बदलत असतात म्हणून मी इथे देत नाही, रेल्वेच्या अ‍ॅपवर त्या आठवड्याचं बघा. एक गोष्ट नीट वाचा, तिकिटावर सुरत आहे की उधना. बऱ्याच गाड्या उधन्यालाच संपतात किंवा तिथूनच सुटतात, दोन्ही स्टेशनं जवळ आहेत, चारेक किलोमीटर, रिक्षाने होऊन जातं, पण रात्री परतीला सुरत स्टेशनवर उभं राहायचं आणि गाडी उधन्याहून सुटायची असं व्हायला नको.

दिवाळी-छट, होळी आणि आपली आखाजी (अक्षय्य तृतीया), या दिवसांत हा बेत ठेवू नका. सुरतेत उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागात आपली इतकी माणसं राहतात की आखाजीला अख्खी लाइन गावाकडे निघालेली असते, आणि दिवाळी-होळीला यूपी-बिहारच्या लोकांची गर्दी, जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते. म्हातारी माणसं बरोबर असतील तर स्लीपरचं रिझर्वेशन करा, दोन्हीकडचं, आणि खालचे बर्थ.

दिवसाच्या गाडीने जात असाल तर नवापूर आलं की खाली उतरून बघा. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, एक बाकडं तर असं आहे की मधोमध राज्याची हद्द जाते, पोरांना तिथे बसवून फोटो काढायला मजा येते. पण गाडी किती मिनिटं थांबणार ते आधी बघून मगच उतरा.

स्वतःच्या चारचाकीने जाणाऱ्यांसाठी: धुळे, साक्री, कोंडाईबारी घाट, नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली, सुरत. धुळ्याहून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. जाता येतं, पण संध्याकाळी समुद्रावर दमून मग रात्री घाट चढायचा आणि ड्रायव्हर एकच असेल तर माझं मत स्पष्ट आहे, ट्रेनच घ्या.

आणि हो, गुजरातेत दारूबंदी आहे, परमिटशिवाय बाटली बाळगणं हा गुन्हा आहे, ग्रुपमधल्या पोरांना हे निघण्याआधी घरीच सांगा. नवापूरच्या पुढे तपासणी होते.

तिसरी पायरी: पिशवीत काय

जास्त नको. प्रत्येकाचा एक जादा कपड्यांचा जोड, टॉवेल, पाण्याची बाटली, टोपी, प्लास्टिकच्या चपला (वाळू काळी आहे, दुपारी चटके बसतात), ओले कपडे ठेवायला एक प्लास्टिकची थैली, सुटे पैसे. यूपीआय सगळीकडे चालतं पण समुद्रावर गर्दीत नेट लटकतं. रात्रीच्या प्रवासाला घरच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तळलेली मिरची बांधून घ्या. सुरतेत खायला इतकं आहे की त्यापेक्षा जास्त डबा नेऊन उपयोग नाही.

चौथी पायरी: सकाळ, जुनी सुरत

स्टेशनवर वेटिंग रूममध्ये हातपाय धुवून, सामान जास्त असेल तर क्लोकरूमला टाकून बाहेर पडा. बाहेर रिक्षावाले एकदम अंगावर येतात, घाबरू नका, त्यातला एखादा तुमचं बोलणं ऐकून "कथा जानं शे भाऊ?" (कुठे जायचंय भाऊ?) असंही विचारेल, सुरतेत आपली खान्देशची अहिराणी ऐकू येणं ही काही नवलाची गोष्ट नाही आणि आजीच्या चेहऱ्यावर तेवढ्याने जो धीर येतो तो बघण्यासारखा असतो. भाडं मात्र आधी ठरवा, अहिराणी बोलला तरी.

पहिले लोचो खा. हरभऱ्याच्या डाळीचं वाफवलेलं, खमणासारखंच पण मऊ, पळीने वाढतात, वर तेल किंवा बटर, शेव, कांदा, हिरवी चटणी. गरम असतानाच खायचं, थंड झालं की मजा गेली. ज्यांना दात नाहीत त्यांनाही चालतं. सेव खमणी आणि रसावाळा खमणही मिळेल पण सकाळीच पोट गच्च करू नका, दिवस मोठा आहे.

मग रिक्षाने चौक बाजार, तापीच्या काठावरचा जुना किल्ला. पहिल्यांदा जाणाऱ्याने शहरात एकच गोष्ट बघायची तर ही बघावी असं मला मनापासून वाटतं. गुजरातच्या सुलतानाने, तिसऱ्या महमूद शाहने, पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना वैतागून १५४० च्या दशकात हा बांधून घेतला. आता महापालिकेने दुरुस्त करून आत म्युझियम केलंय, तिकीट आहे, आरामात दीड-दोन तास जातात, सुट्टीचा वार नि वेळ मात्र आधी नेटवर बघून घ्या. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली तेव्हा इथला मुघल अधिकारी इनायत खान शहर वाऱ्यावर सोडून याच किल्ल्यात दडून बसला होता. महाराजांचा तळ बऱ्हाणपूर दरवाज्याजवळ पडला होता. आणि हा बऱ्हाणपूर दरवाजा म्हणजे कुठे जायचा रस्ता, तर आपल्याकडे यायचा! मुघलांच्या खान्देश सुभ्याचं मुख्य ठाणं बऱ्हाणपूर, आणि सुरत बंदरात उतरलेला माल, माणसं, वकील सगळे नंदुरबारवरून बऱ्हाणपूरला जायचे. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेला उतरला तोही याच वाटेने नंदुरबारवरून गेला. आपण जी रेल्वे पकडून आलो ती जवळपास त्याच रस्त्याने, हे पोरांना किल्ल्याच्या बुरुजावर उभं करून सांगा, पुस्तकातल्या धड्यापेक्षा लवकर डोक्यात बसतं.

किल्ल्यावरून तापी दिसते. इथे नदी रुंद, संथ, तिच्यावर पुलांमागे पूल. वर उकाईला धरण आहे, आपल्या हतनूर धरणाच्या आणि प्रकाशाच्या खूप खाली, तिथे अडवलेलं पाणी मग इकडे येतं.

तिथून पायी फिरा, अंतरं छोटी आहेत. मुगलीसरा भागात १६४४ ची मुघल सराई आहे, शहाजहानच्या काळातली धर्मशाळा, आता तिथे महापालिकेचं मुख्य ऑफिस आहे, बाहेरून दरवाजा बघा आणि पुढे चला. जवळच गोपीपुऱ्यात गुजराती कवी नर्मद यांचं घर जपून ठेवलंय. बायकांना चौटा बाजार आवडेल, अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंनी कपडे, बांगड्या, कटलरी, भाव करावाच लागतो. इथे एक तास ठरवलात तर दोन तास जाणार हे धरूनच चला, फोनवर भेटायची जागा ठरवून ठेवा कारण गर्दीत हाका ऐकू येत नाहीत. महिधरपुऱ्यात हिरे बाजार आहे, लोकं रस्त्यावर उभ्या उभ्या कागदाच्या पुड्या उघडून हिरे दाखवतात, विकतात, बघायला गंमत आहे पण मधे थांबून फोटो काढत बसू नका, त्यांचा धंदा चालू असतो.

इतिहासाची आवड असेल तर कतारगाम दरवाज्याजवळचं इंग्रजांचं जुनं कब्रस्तान बघा. महाराजांच्या स्वारीच्या वेळी इंग्रजांच्या वखारीचा मुख्य असलेला जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये सुरतेतच वारला, त्याची आणि त्याच्या भावाची कबर इतकी मोठी बांधलीय की लांबून घुमटाची इमारतच वाटते. लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतील तर हे सोडा, ऊन वाढत असतं.

शहरात मेट्रोचं काम चालू आहे, काही रस्ते वळवलेले असतात, त्यामुळे मॅपमध्ये दाखवतो त्यापेक्षा अर्धा तास जास्त धरा.

पाचवी पायरी: दुपार म्हणजे आराम

साडेबारा-एकला जेवून घ्या. सुरती थाळी बऱ्याच ठिकाणी मिळते, भाजीत जरा गोडवा असतो, आपल्या लोकांना पहिल्या घासाला चुकल्यासारखं होतं, तिखट मागितलं की मिळतं. हिवाळ्यात गेलात तर उंधियू खाच, आणि डिसेंबर-जानेवारीत पोंक. पोंक म्हणजे आपला ज्वारीचा हुरडाच, फक्त ते लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर खातात, आणि त्याचे वडेही करतात. शेवभाजी-भाकरीशिवाय ज्यांचं पोट भरत नाही त्यांनी उधन्याच्या बाजूला खान्देशी खानावळी शोधाव्यात, पण एक दिवस तर सुरतेचं खा ना.

जेवण झालं की निदान एक-दीड तास बसा. गार्डनमध्ये, नाहीतर स्टेशनजवळ तासांवर मिळणारी साधी रूम घ्या, सहा-सात जणांत खर्च वाटला तर काहीच नाही आणि आजी-आजोबांना आडवं होता येतं. हा आराम लोकं वाया गेलेला वेळ समजतात आणि मग संध्याकाळी समुद्रावर सगळे चिडचिडे झालेले असतात. ज्याच्यासाठी आलो ते संध्याकाळीच आहे. ज्यांना झोप येत नाही त्यांनी तेवढ्यात नानपुऱ्यातल्या जुन्या दोटीवाला बेकरीतून नानखटाई घेऊन यावी, किंवा कोल्ड कोको प्यावा, चॉकलेटचं घट्ट थंड दूध, सुरतेत गल्लोगल्ली मिळतं आणि पोरं दुसरा ग्लास मागतातच. घरी न्यायला घारी घ्या, माव्याची, तुपात बुडवलेली. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी चंदनी पडव्याला सगळी सुरत घारी खाते पण दुकानात एरवीही मिळते.

सहावी पायरी: डुमस

साडेतीनच्या सुमारास निघा. सिटीलिंकची बस स्वस्त पडते, पण बस असेल तर शेवटची परतीची बस किती वाजता ते उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. घरचे चार-पाच जण असतील तर सरळ रिक्षा किंवा कॅब करा, आणि जमलं तर त्याच रिक्षावाल्याशी परतीचंही ठरवून टाका, अंधार पडल्यावर तिथे गाडीसाठी सगळ्यांचीच घाई असते. निघण्याआधी सगळ्यांनी बाथरूमला जाऊन या, समुद्रावरच्या सोयीवर विसंबू नका, खास करून बायकांनी.

आता डुमस कसं आहे ते खरं सांगतो म्हणजे मनात वेगळं चित्र राहणार नाही. वाळू काळपट आहे. पाणी निळं नाही, गढूळ आहे, कारण भरती-ओहोटीच्या जोराने तळाचा गाळ सतत ढवळला जातो. नारळाची झाडं, पांढरी वाळू, स्वच्छ लाटा, हे इथे नाही. पण किनारा लांबच्या लांब मोकळा आहे, वारा सुटलेला असतो, आणि सूर्य थेट समुद्रात बुडतो. ज्याने कधी पलीकडचा काठ न दिसणारं पाणी पाहिलेलं नाही त्याला रंगाशी काही घेणं नसतं, तो नुसता बघत उभा राहतो. त्याला तसं उभं राहू द्या, लगेच फोटोला बोलावू नका.

आधी दर्या गणेशाचं दर्शन घ्या, मग वाळूवर. काही गोष्टी कडक पाळा. पोहायचं नाही, घोट्यापर्यंत फार तर पोटरीपर्यंत पाणी, बस. आपण विहिरीत, नदीत पोहलेली माणसं, आपल्याला वाटतं जमेल, पण इथलं पाणी परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेतं आणि गढूळपणामुळे खोली कळत नाही. ओहोटी असेल तर पाण्याच्या मागे मागे लांब चालत जाऊ नका, मधे चिखल लागतो, पाय रुततो, आणि भरती वळली की पाणी बाजूने कधी आलं ते समजत नाही. चारचाकी वाळूवर अजिबात नेऊ नका, तिथे रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टरने ओढून काढायची वेळ लोकांवर आलेली आहे. मुलांचा हात एका मोठ्या माणसाने धरायचा, "सगळे लक्ष ठेवतायत" म्हणजे कोणीच ठेवत नाही. घोडा-उंटाची सवारी आहे, भाव आधी ठरवा. भुताखेताच्या गोष्टी कोणीतरी ऐकवेलच, त्याकडे लक्ष देऊ नका, अंधारात तिथे थांबायचं नाही ते भरतीमुळे आणि सुनसान असतं म्हणून.

आणि टोमॅटोची भजी. डुमसला जाऊन ही खाल्ली नाहीत तर जाणं अर्धं राहिलं. टोमॅटोच्या गोल चकत्या, त्यावर हिरव्या चटणीचा थर, बेसनात बुडवून तळतात, आतून रस गरम असतो म्हणून पहिला घास सांभाळून. बरोबर कंदाची पुरी मागा, जांभळ्या कंदाचे काप, वर मिरी आणि धणे भरडलेले. जिथे कढई समोर चालू आहे आणि गर्दी आहे तिथेच घ्या. घेऊन वाळूवर चादर टाकून बसा, कागद-प्लेटा उचलून थैलीत टाका.

सूर्य बुडाल्यावर अर्ध्या तासात निघायचं. रिक्षात बसायच्या आधी पाय धुवा, नळ नसेल तर बाटलीतलं पाणी वापरा, म्हणून एक बाटली न पिता ठेवायची.

त्या दिवशी भरती जमत नसेल तर

तारीख बदलता येत नाही आणि संध्याकाळी ओहोटीच आहे, तर दिवस उलटा करा, ओहोटीच्या साधारण सहा तास आधी भरती असते तेव्हा आधी डुमस आणि दुपारनंतर शहर, किल्ला बंद व्हायच्या आत. नाहीतर तापीच्या पलीकडे हजिराकडे सुवाळी आहे, किनारा जास्त मोकळा, गर्दी कमी, पण स्वतःची गाडी हवी आणि तिथेही पाण्यात जायचं नाही. जुन्या काळात मोठी जहाजं तापीच्या उथळ मुखात शिरू शकत नव्हती म्हणून सुवाळीलाच नांगर टाकायची, १६१२ मध्ये इंग्रज-पोर्तुगीजांची समुद्री लढाई तिथेच झाली. तिसरा पर्याय दांडी, नवसारीपासून पंधरा-सोळा किलोमीटर, गांधीजींनी ६ एप्रिल १९३० ला मीठ उचललं ती जागा, तिथलं स्मारक बघण्यासारखं आहे, पण मग सुरत शहर त्या दिवशी सोडावं लागेल.

परत येताना

गाडीच्या वेळेच्या निदान एक तास आधी स्टेशनवर या, डुमस रोडला शनिवारी रात्री ट्रॅफिक असतो. क्लोकरूमचं सामान आधी सोडवा, जेवण नंतर. खारट हवेने नि उन्हाने सगळ्यांना तहान लागलेली असते, पाणी जास्त घेऊन बसा. आणि नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरवाल्यांनी अलार्म लावूनच झोपा, दिवसभर चालून आलेल्या माणसाला मधल्या स्टेशनवर जाग येत नाही, गाडी थांबते दोन-चार मिनिटं आणि पुढे जाते.